थ्रेशरमध्ये हात गेला आणि मालक म्हणतो ‘हा माझा मजूरच नाही’ : नुकसानभरपाईचा दावा कसा चालतो?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं धरलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये सोयाबीन काढायच्या दिवसांत तुमच्या भावाचा उजवा हात थ्रेशरमध्ये जाऊन कोपराच्या खालून कापावा लागला. वय तेव्हा ३० पूर्ण. थ्रेशर आणि ट्रॅक्टर शेजारच्या गावच्या माणसाचा, वावर तिसऱ्याच्या मालकीचं. थ्रेशरवाल्यानं दवाखान्याचं बिल भरलं, वर ५०,००० रुपये दिले आणि ‘माझी काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही’ अशी स्टॅम्प पेपरवर सही घेतली. आता दीड वर्षानं तुम्ही काही मदत मागायला गेलात तर तो म्हणतो, ‘मजूर शेतकऱ्यानं लावला होता, माझा काय संबंध?’ आणि तुम्ही विचारताय की सही केल्यामुळं हक्क गेला का, दावा कुठं लावायचा, किती मिळेल, किती वेळ लागेल आणि हरलो तर पुढं काय.

हक्क गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तुम्ही ज्याला अडचण समजताय ती खरी अडचण नाही. तुमची भीती स्टॅम्प पेपरची आहे; माझ्या अनुभवात असे दावे तिथं अडत नाहीत. ते अडतात एकाच मुद्द्यावर : अपघाताच्या दिवशी तुमचा भाऊ नेमका कुणाच्या कामावर होता? तेवढं सिद्ध झालं की बाकीचं बरंचसं गणित आहे, आणि ते गणित १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात छापलेलं आहे. ते सिद्ध झालं नाही तर हात गेला हे शंभर टक्के खरं असूनही दावा फेटाळला जातो. गेलेला हात कुणी नाकारत नाही, नाकारतात ते हा आपला मजूर होता हे.

थ्रेशरवर दोन पद्धती चालतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल. एकात थ्रेशरवाला स्वतःची टोळी घेऊन फिरतो, पोत्यामागं भाव ठरवतो आणि त्यातूनच टोळीची मजुरी देतो. दुसऱ्यात तो फक्त ट्रॅक्टर, यंत्र आणि एक चालवणारा माणूस आणतो. गंजीवरून माल टाकायला, पोती धरायला मजूर शेतकऱ्याचे. पहिल्या पद्धतीत मालक थ्रेशरवाला, दुसऱ्यात शेतकरी. तुमच्या मजकुरातून कुठली पद्धत होती ते स्पष्ट होत नाही, आणि माझ्या उत्तराचा अर्धा भाग त्यावरच अवलंबून आहे. म्हणून भावाला शांतपणे बसवून विचारा : कामाला बोलवायला फोन कुणाचा आला? सकाळी गावातून कुणाच्या गाडीवर गेले? त्याच हंगामात त्याच थ्रेशरवर याआधी दुसऱ्या कुणाच्या वावरात काम केलं होतं का? मजुरी कुणाच्या हातून मिळायची? ‘माल टाक’, ‘थांब’ हे कोण सांगायचं? चार-पाच वावरांत तोच थ्रेशर आणि तोच तुमचा भाऊ असेल, तर ‘शेतकऱ्यानं लावला’ हे म्हणणं उलटतपासणीत टिकत नाही. एकाच मजुराला वेगवेगळ्या गावचे पाच शेतकरी लावत नसतात.

तरीही दाव्यात दोघांनाही सामनेवाले करा, असाच माझा सल्ला राहील. कायद्यात अशी तरतूद आहे की एखाद्यानं आपल्या धंद्याचंच काम ठेकेदाराकडून करवून घेतलं, तर ठेकेदाराच्या मजुराला भरपाई देण्याची जबाबदारी मूळ काम देणाऱ्यावरही येते. नंतर ती रक्कम त्यानं ठेकेदाराकडून वसूल करावी. शेती हा शेतकऱ्याचा धंदा आणि मळणी त्याचाच भाग, असा युक्तिवाद करता येतो. तीन एकरवाल्या शेतकऱ्याला कोर्टात ओढणं जिवावर येतं, मला मान्य आहे. पण एकालाच पक्षकार केलंत आणि तो ‘दुसरा मालक’ म्हणून सुटला, तर त्या दुसऱ्यावर पुन्हा दावा लावायला मुदत उरलेली नसते. शिवाय शेतकऱ्याला आधी जाऊन सांगितलंत की पैसे तुमच्याकडून काढायचे नाहीत, खरं काय ते सांगा, तर बहुतेक शेतकरी साक्षीत सरळ बोलतात, कारण त्यांची सुटका त्यातच असते.

ट्रॅक्टरच्या विम्याचीही चौकशी करा. ट्रॅक्टरचा नंबर मिळाला की विमा कुठल्या कंपनीचा आहे ते कळतं. साध्या पॉलिसीत चालकाची जबाबदारी येते, पण थ्रेशरवरचे मजूर येतीलच असं नाही. मजुरांसाठी वेगळा प्रीमियम भरला होता का यावर विमा कंपनी हमखास भांडते. भांडू द्या, पण तिला पक्षकार करून ठेवा. कुणी सांगेल की मोटार अपघात न्यायाधिकरणात जा, तिथं जास्त मिळतं. दोन्ही दारं उघडी असली तरी दोनपैकी एकाच दारानं जाता येतं. न्यायाधिकरणात ट्रॅक्टरच्या वापरामुळं अपघात झाला हे दाखवावं लागतं, बहुतेक वेळा कुणाची चूक हेही. आणि उभ्या ट्रॅक्टरवर फिरणाऱ्या यंत्रात हात गेला तर तो वाहनाचा अपघात का, इथूनच वाद सुरू होतो. नुकसानभरपाई कायद्यात मालकाची चूक सिद्ध करायची गरजच नाही. काम करताना, कामामुळं अपघात झाला एवढं पुरे. तुमच्या जागी मी हाच रस्ता धरला असता.

आता त्या स्टॅम्प पेपरकडं येतो. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ (जुने लोक अजून कामगार नुकसानभरपाई कायदाच म्हणतात) याच्या कलम १७ प्रमाणे मजुरानं भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा कुठलाही करार रद्दबातल ठरतो. त्यामुळं ‘पुढे काही मागणार नाही’ या ओळीला किंमत शून्य. पण त्या कागदात वरच्या ओळी काय आहेत ते बघा. अशा कागदांत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं : ‘मी अमुक यांच्या थ्रेशरवर अमुक तारखेला कामाला असताना माझा हात मशीनमध्ये जाऊन दुखापत झाली, त्याबद्दल त्यांनी मला इतके रुपये दिले.’ म्हणजे ज्यानं तुमचं तोंड बंद करायला कागद केला, त्यानंच त्यावर तुमचा भाऊ आपल्या थ्रेशरवर होता हे लिहून दिलं. हक्क सोडल्याची ओळ मेली तरी वस्तुस्थितीच्या ओळी पुरावा म्हणून जिवंत राहतात. नोकरीचा दुसरा एकही कागद नसलेल्या मजुरासाठी याहून चांगला कागद सहसा मिळत नाही.

मूळ प्रत मालकाकडं असेल आणि तुमच्याकडं झेरॉक्सही नसेल, तर घाबरू नका. स्टॅम्प कुणाच्या नावानं घेतला याची नोंद विक्रेत्याच्या रजिस्टरला असते, नोटरी केला असेल तर नोटरीच्या रजिस्टरला असते. साक्षीदार म्हणून कुणी सह्या केल्या ते भावाला आठवत असेल. दाव्यात ‘मूळ कागद हजर करा’ अशी नोटीस देता येते. आणि ५०,००० रुपये ऑनलाइन किंवा चेकनं आले असतील, तर बँकेचा उतारा आजच काढून ठेवा. संबंध नसलेल्या माणसाच्या हातासाठी कुणी पन्नास हजार मोजत नाही. हा प्रश्न उलटतपासणीत विचारला की उत्तर द्यायला बराच वेळ लागतो.

त्या ५०,००० चं पुढं काय, हेही बरेच जण विचारतात. असा समझोता नुकसानभरपाई आयुक्तांकडं, म्हणजे असे दावे चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडं, नोंदवायचा असतो. नोंदवला नसेल तर मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागते, आणि आधी दिलेल्या रकमेतून अर्ध्यापेक्षा जास्त वजावट त्याला मागता येत नाही, आयुक्तांनी वेगळा आदेश दिला तरच. म्हणजे तुमच्या बाबतीत साधारण २५,००० पर्यंत वळते होतील. दवाखान्याचा खर्च भरपाईत धरला जात नाही. उलट उपचारावर तुम्ही स्वतः केलेला खर्च वेगळा मागता येतो. पावत्या जपा.

दवाखान्याच्या कागदांविषयी थोडं सविस्तर सांगावं लागेल. ग्रामीण रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात पहिल्यांदा नेलं तेव्हा डॉक्टरांनी ‘हिस्ट्री’ म्हणून काय लिहिलं, ते सगळ्यात आधी काढा. मजूर बेशुद्ध असतो किंवा कण्हत असतो, आणि माहिती सांगतो तो त्याला आणणारा माणूस, म्हणजे पुष्कळदा मालक किंवा मालकाचा माणूस. मग ‘घरी कुट्टी मशीनमध्ये हात गेला’ असं लिहिलं जातं. तुमच्या कागदात थ्रेशर लिहिलेलं असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर ही माहिती कुणी दिली, त्याचं नाव कागदावर आहे का, हे बघा आणि पहिल्याच अर्जात त्याचा खुलासा करा. सुनावणीत विचारल्यावर सांगितलेला खुलासा बनावट वाटतो. पोलीस स्टेशनला खबर गेली असेल तर तिथल्या नोंदीची नक्कल मागा. गुन्हा नोंदवलेला नसला तरी नुकसानभरपाईचा दावा चालतो, त्यासाठी एफआयआरची अट नाही. गावच्या पोलीस पाटलाला अपघात माहीत असेल तर तो चांगला साक्षीदार, कारण तो ना तुमचा ना मालकाचा.

शेतमजूर या कायद्यात बसतो का, अशी शंका समोरचा वकील काढेलच. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कोणकोणती कामं येतात त्याची यादी आहे. नुसत्या हातानं केलेल्या शेतीकामाबद्दल वाद घालायला जागा असते, पण यांत्रिक कापणी आणि मळणी त्यात स्पष्ट लिहिलेली आहे, ट्रॅक्टरनं केलेली शेतीही, आणि कीटकनाशकाची फवारणीही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन मजूर गेले, तेव्हा हे कलम किती कुटुंबांना ठाऊक होतं हा प्रश्न मला अजून सतावतो. ‘तो रोजंदारीवर होता, कायम नव्हता’ हा बचाव तर पूर्वीच संपला. हंगामी, नैमित्तिक मजुराला वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीनं कायद्यातून काढून टाकले आहेत.

आता रक्कम. पूर्ण कायमस्वरूपी अपंगत्वासाठी महिन्याच्या मजुरीच्या ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक, असं सूत्र आहे. ३० वर्षांसाठी गुणक २०७.९८. मजुरी कितीही असली तरी महिन्याला १५,००० च्या वर धरत नाहीत. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून आहे, त्याआधी ८,००० होती. समजा तुमच्या भावाची मजुरी महिना १२,००० धरली गेली. त्याचे ६० टक्के ७,२००, गुणिले २०७.९८ केले की १४,९७,४५६ रुपये. ही १०० टक्के अपंगत्वाची रक्कम. अंशतः अपंगत्व असेल तर कमाईची ताकद जितके टक्के गेली तितका त्यातला हिस्सा.

आणि इथं इंच मोजावे लागतात. पहिल्या अनुसूचीत हाताचे टक्के कुठून कापला त्यावर ठरलेले आहेत. कोपराच्या टोकापासून खाली ११.४३ सेंटिमीटर, म्हणजे साडेचार इंच, ही रेघ धरा. त्या रेघेच्या वर कापला असेल तर ७० टक्के, त्या रेघेवर किंवा खाली असेल तर ६० टक्के. आपल्या हिशोबात ७० टक्क्यांचे होतात सुमारे १०,४८,२१९ आणि ६० टक्क्यांचे ८,९८,४७४. एका बोटाच्या अंतरावर दीड लाखाचा फरक. त्यामुळं ‘बिलो एल्बो’ एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र घेऊन येऊ नका. ऑपरेशनची नोंद काढा आणि उरलेल्या भागाची लांबी कोपराच्या टोकापासून मोजून प्रमाणपत्रावर लिहून घ्या.

त्याही पुढं एक मुद्दा आहे. अपंगत्वाचे टक्के आणि कमाईची ताकद गेल्याचे टक्के ही दोन वेगळी मापं आहेत. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबता या १९७६ च्या निकालात सुतारकाम करणाऱ्या माणसाचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं त्याचं नुकसान १०० टक्के धरलेलं कायम ठेवलं. तुमचा भाऊ आयुष्यभर डवरा, निंदण, पोती उचलणं हेच करत आला असेल आणि उजवा हात गेला असेल, तर १०० टक्क्यांची मागणी जरूर करा. मिळेलच असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी अनुसूचीतले टक्के धरूनच निकाल होतो. शिक्षण किती, दुसरं काम जमण्यासारखं आहे का, सध्या तो काही कमावतो का, यावर ते ठरतं. किराणा दुकानात बसायला लागला असेल तर ते लपवू नका. समोरच्याला ते गावातून कळतंच.

मजुरी सिद्ध करणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. सातत्यानं महिनाभर एकाच मालकाकडं काम झालेलं नसेल, तर आधी बघतात की तसंच काम करणारा दुसरा मजूर त्याच मालकाकडं, नाहीतर त्याच भागात, महिन्याला सरासरी किती कमावत होता. ते कळत नसेल तर शेवटच्या सलग कामाची रोजची सरासरी काढून तिला ३० नं गुणतात. मी वर धरलेले १२,००० म्हणजे रोज ४०० गुणिले ३०. तुमच्याकडं मजुरी रोजावर नसून पोत्यामागं वाटून मिळत असेल, तर टोळीतला दुसरा एखादा मजूर साक्षीला हवा, जो सांगेल की हंगामात दिवसाला किती पडायचे. फोनपेवर आलेली मजुरी, थ्रेशरवाल्याच्या वहीतली नोंद, काहीही चालेल. काहीच नसलं तर शासनाचं किमान वेतन धरायला सांगता येतं, पण ते शेवटचा आधार म्हणून. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला काढा; आधारवरची जन्मतारीख वयाचा पक्का पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये सांगितलंय.

व्याजाचं लोकांना माहीत नसतं. भरपाई अपघाताच्या दिवशीच देणं लागते. महिन्याच्या आत दिली नाही तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज लागतं, आणि ते द्यायचं की नाही हा आयुक्तांच्या मर्जीचा भाग नाही. ८,९८,४७४ वर वर्षाचं व्याज एक लाख सात हजारांच्या वर जातं. उशिराला काही सबळ कारण नसेल तर मालकाला नोटीस देऊन रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो. व्याज विमा कंपनीकडून मागता येतं, दंड मात्र मालकानं स्वतःच्या खिशातून भरायचा. अर्जात दोन्ही स्पष्ट मागा.

दावा कुठं लावायचा? इथं पुष्कळ लोक चुकीच्या दारात जातात. सरकारी कामगार अधिकाऱ्याचं कार्यालय वेगळं. तिथं अर्ज देऊन महिनोन् महिने वाट पाहिलेले लोक माझ्याकडं येतात. महाराष्ट्रात नुकसानभरपाई आयुक्त म्हणून साधारणपणे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश काम पाहतात, आणि काही ठिकाणी दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. विदर्भात नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर इथं कामगार न्यायालयं आहेत. अपघात जिथं झाला तिथं, किंवा तुमचा भाऊ जिथं राहतो तिथं, दोन्हीकडं दावा लावता येतो. थ्रेशर शेजारच्या जिल्ह्यातला असला तरी तुम्हाला तिकडं धावायची गरज नाही.

मुदत दोन वर्षं. म्हणजे तुमच्याकडं ऑक्टोबर २०२६ पर्यंत वेळ आहे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण तो मागायची वेळच आणू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे आणि १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला. तुमचा अपघात त्याआधीचा असल्यानं भावाचा हक्क जुन्या कायद्याप्रमाणंच मोजायला हवा, आणि मी तसाच मसुदा केला असता. अर्जाचा मथळा आणि नमुना काय लागतो ते दाखल करायच्या आठवड्यात कोर्टाच्या दाखल विभागात विचारून घ्या. आधी दोन्ही सामनेवाल्यांना साधी लेखी नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपून ठेवा. अपघाताची वेगळी लेखी सूचना तेव्हा दिली नव्हती म्हणून दावा पडत नाही. मालकाला अपघात माहीत होता एवढं पुरे, आणि दवाखान्याचं बिल त्यानंच भरलंय.

सुनावणी कशी चालते ते थोडक्यात. तुमचा अर्ज, मग सामनेवाल्याला नोटीस, त्याचा लेखी जबाब, मग आयुक्त मुद्दे काढतात. पुढं भावाचं पुराव्याचं शपथपत्र आणि उलटतपासणी, साक्षीदार, डॉक्टर, मग समोरच्याचा पुरावा, युक्तिवाद आणि निकाल. कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलंय. प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच काही महिने जातात आणि लढवलेला दावा वर्षानुवर्षं चालू शकतो. सामनेवाला आलाच नाही तर एकतर्फी चालतो, पण पुरावा तेव्हाही द्यावाच लागतो.

डॉक्टरला साक्षीला बोलवायचा कंटाळा करू नका. नुसतं प्रमाणपत्र जोडलं आणि समोरच्यानं ते नाकारलं, तर डॉक्टरच्या साक्षीशिवाय त्याला वजन राहत नाही. सरकारी डॉक्टरची बदली झालेली असते, समन्स जुन्या पत्त्यावर जातं, तारखा वाया जातात. त्यामुळं सध्या ते कुठं आहेत ते आधीच शोधून ठेवा.

उलटतपासणीत भावाला तीन-चार गोष्टी विचारल्या जातीलच. दारू प्यायला होतास का? ‘हात घालू नको’ असं सांगितलं होतं ना? आम्ही तुला बोलावलंच नव्हतं, तू हौसेनं आलास ना? अंशतः अपंगत्व असेल तर नशा किंवा जाणूनबुजून सुरक्षेचा नियम मोडणं हा मालकाचा बचाव होऊ शकतो. मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वात तो चालत नाही. म्हणून दवाखान्याच्या पहिल्या कागदावर दारूचा उल्लेख आहे की नाही तेही पाहा. मालक शक्यतो मोघम बोलतात. ‘साहेब, मी तं तिथं नव्हतोच, मले पोरानं फोन केला तवा समजलं,’ असं एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पुढचा प्रश्न आपोआप येतो : मग तुमच्या थ्रेशरवर त्या दिवशी कोण-कोण होतं ते तुम्हाला कसं माहीत? भावाला एवढंच सांगा की जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ म्हणावं. पढवलेला साक्षीदार दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

मध्येच समझोत्याची बोलणी सुरू होतील. नातेवाईक, सरपंच, कुणीतरी येईल. लोक अदालतीत तडजोड करण्यात वाईट काही नाही. पैसा लवकर हाती येतो, अपील उरत नाही. पण डॉक्टरची साक्ष होण्याआधी आकडा मान्य करू नका, कारण टक्के ठरेपर्यंत तुम्ही किती सोडताय हेच तुम्हाला कळत नाही. आणि तडजोड झाली तर ती कोर्टासमोर, लेखी आणि नोंदवून. आणखी एक स्टॅम्प पेपर नको.

निकाल विरोधात गेला तर अपील उच्च न्यायालयात, आपल्याकडं नागपूर खंडपीठात, ६० दिवसांच्या आत. पण हे अपील दिवाणी दाव्याच्या पहिल्या अपिलासारखं नसतं. त्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. ‘हा त्याचा मजूर होता की नाही’ हा वस्तुस्थितीचा प्रश्न. आयुक्तांसमोर साक्षीदार आणले नाहीत, स्टॅम्प पेपर हजर करायला लावला नाही, तर ती उणीव नागपूरला भरून निघत नाही. म्हणून सुरुवातीपासून मी मालक कोण याच्या पुराव्यावर एवढा जोर देतोय. मालकाला अपील करायचं असेल तर आधी भरपाईची पूर्ण रक्कम आयुक्तांकडं भरून तसं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मजुराच्या बाजूनं ही मोठी गोष्ट आहे, कारण निदान पैसा तरी मालकाच्या हातातून निघून जमा झालेला असतो. अपील चालू असताना तो काढायला परवानगी मागता येते. सगळी मिळेल की काही भाग, की जामीन द्यावा लागेल, ते न्यायालय ठरवतं.

अपीलही नाही आणि पैसेही भरले नाहीत, असं झालं तर वसुलीचा अर्ज करा. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलला जातं. तिथं ते आपोआप पुढं सरकत नाही, पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल. थ्रेशरवाल्याच्या नावावर शेत असेल तर त्याचे सातबाराचे उतारे आणि ट्रॅक्टरची नोंदणी या गोष्टी अर्जासोबतच द्या.

राहता राहिला वकिलाच्या फीचा प्रश्न. तुमच्या भावाला जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. दिव्यांग व्यक्तीला त्यासाठी उत्पन्नाची अट लागत नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि आधार घेऊन तालुका कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवेच्या कार्यालयात जा. खासगी वकील केलात तर फी आधी ठरवून लिहून घ्या. निकालाच्या रकमेत वाटा मागणारा वकील भेटला तर दुसरा बघा. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे. आणि रक्कम मंजूर झाली की ती भावाच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावी अशी विनंती अर्जातच करा, खातं नसेल तर आत्ताच उघडून घ्या.